राजसेवेच्या दिवशी उतरलेलं पागोटं

कोट्टप्पुळ,
कन्नी महिन्याची अकरा तारीख

प्रिय कुट्टेट्टा,

‘अडथळा अजून दूर झालेला नाही.’ बस, एवढंच? देवस्थान समितीनं तुला तीन पानी पत्र लिहिलं, वर विड्याची पानं-सुपारी ठेवली, तुझ्या भाच्याच्या हाती मानानं पाठवलं, आणि तू उलट टपाली कार्डावर पाच शब्द खरडलेस. गेल्या वर्षी हेच पाच. त्याच्या आदल्या वर्षी हेच. एक शब्द इकडचा तिकडे नाही. वारियर सेक्रेटरीनं कार्ड सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि डोकं खाजवत म्हणाला, “छप्पर दुरुस्त केलं, खांबांची वाळवी काढली, वटवाघळं हाकलली. आता ह्यांना आणखी कसला अडथळा दिसतो? वीज हवी का वीज?” सगळे हसले. मी खांबाला टेकून बसले होते, मीही हसले. म्हणून तुझा राग येतो. तिथं बहिणीच्या गावी सुपारीची झाडं मोजत बसलायस आणि इथं मला खोटं हसायला लावतोस.

आता नीट वाच. समितीचं ठरलंय. येत्या वृश्चिक महिन्यात देवळाच्या रंगशाळेत, कूत्तंबलमात, तुझ्या कूत्तूच्या खेळाचा दिवा लागला नाही, तर लागोपाठ पाच वर्षं खंड पडला असं धरणार. मग तुझ्या चाक्यार घराचा रंगमंचावरचा हक्क संपला आणि आमच्या घराचा मिळावाचा नगारा वाजवायचा नि टाळ धरायचाही संपला. दुसऱ्या कुठल्या चाक्याराला बोलवायची सोय नाही. जिथं एकानं मध्येच पागोटं उतरवलं तिथं दुसरा पाय ठेवत नाही, हे वारियरलाही माहीत आहे. म्हणून ती वास्तू भांड्यांची खोली होणार. पायसमाची हंडी, हत्तीच्या छत्र्या, जत्रेचे बांबू. ज्या जागी तुझ्या मामांनी श्रीरामाचा समुद्र दाखवला तिथं हंड्या उपड्या घालून ठेवणार. वाचलंस? आता पुढचं वाच.

माझं अक्षर लागत नसेल तर भाच्याला दाखवू नकोस, स्वतःच डोळे ताण. मी तिसरीपर्यंत शिकले, त्यातलं अर्धं वर्ष गोवरात गेलं. तुझ्यासारखं संस्कृत मला कळत नाही, पण तू म्हणतोस ते श्लोक मला उलटेसुलटे पाठ आहेत. कुठं तू श्वास घेणार, कुठं भुवई उचलणार, कुठं लोकांना हसायला दोन मात्रा मोकळ्या सोडणार, ते टाळ धरलेल्या बाईला चाक्यारापेक्षा आधी कळतं. लोकांसमोर मी तुला तुम्ही म्हणायची, कागदावर तू म्हणते. सात वर्षांची असल्यापासून तू म्हणत आले. तुझे मामा तुला डोळे फिरवायला बसवायचे, डोळ्यांत तूप घालून, आणि तू रडायला लागलास की मी टाळ वाजवून आवाज झाकायची, मामांना ऐकू जाऊ नये म्हणून. तेवढं तरी आठवत असेल.

मामा काय म्हणायचे तेही आठव. राजवाड्यात शंभर माणसं ‘हो’ म्हणायला ठेवलेली असतात, एक जण ‘नको’ म्हणायला ठेवावाच लागतो, नाहीतर अंधारात राजाला कळणार कसं की भिंत कुठं आहे. जुन्या कवींनी नायकाला मोठमोठे श्लोक दिले, धर्म काय, राज्य कसं चालावं, माणसानं कशासाठी जगावं. आणि लगेच त्याच्या शेजारी हा तुम्हा चाक्यारांचा खादाड विदूषक उभा केला, त्याच मापाचा उलटा श्लोक आपल्या साध्या भाषेत म्हणायला. नायक धर्म, अर्थ, काम, मोक्ष सांगतो. विदूषक म्हणतो, ते चार जुने झाले, फाटले, आमच्या गावात आता दुसरे चार चालतात. मौज करणं, फसवणं, जेवणं आणि राजसेवा, कूत्तूत एकेकाला एकेक दिवस. मोक्षाच्या जागी राजसेवा! लहानपणी मला वाटायचं हे फक्त हसायला आहे. तू जेवणाच्या दिवशी आचाऱ्याकडे बोट करून म्हणालास, “ह्यांच्या सांबारात भोपळ्याची फोड शोधायला मी पोहायला शिकलो,” तेव्हा आचारीसुद्धा पोट धरून हसला. कारण नियमच तो. विदूषकानं कुणालाही बोलावं, राजालाही, आणि ज्याला बोललं त्यानं बाकीच्यांसारखं बसून ऐकावं. कुणी उलट तोंड उघडलं की चाक्यार पागोटं उतरवतो आणि त्या देवळात कूत्तू संपलं. म्हणून कुणी तोंड उघडत नसे. कोचीचे राजे गप्प बसले, दिवाण गप्प बसले, गोरा साहेब भिंतीबाहेर उभा राहून ऐकायचा, तोही गप्प बसला म्हणतात.

आणि मग ते वर्ष आलं. आणीबाणीचं. बसस्टँडवर, शाळेवर, दवाखान्याच्या भिंतीवर सगळीकडे शिस्त, शिस्त, शिस्त. बस वेळेवर सुटायच्या हे मी कबूल करते. त्यातून माणसं कुठं नेली ते कुणी विचारत नव्हतं. माझ्या वासूला त्यांनी तुलाम महिन्यात नेलं. काय केलं होतं त्यानं? सहा जणांबरोबर एका छापील कागदाच्या घड्या घातल्या होत्या. मिळावावर हात चालणाऱ्या माणसाला घड्या छान घालता येतात, एवढाच त्याचा गुन्हा. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, मी त्याला वाढवला. तू लग्नासाठी पुडवेचं वस्त्र घेऊन आमच्या दारात आलास तेव्हा मी ते परत पाठवलं ते त्याच्याचसाठी, हे तुला मी कधी सांगितलं नाही. नवऱ्याचं घर आणि पोरका भाऊ, मला दोन्ही झेपलं नसतं. तू काही विचारलं नाहीस. दुसऱ्या दिवशी रंगमंचावर आलास आणि रोजच्यासारखा पहिला श्लोक उचललास. मी टाळ चुकले, आठवतं? लोकांना कळलं नाही. तुला कळलं होतं.

वृश्चिकात तुझं कूत्तू ठरल्याप्रमाणे लागलं. वासूच्या जागी म्हातारा रावुण्णी मिळावावर बसला, कानानं अर्धा, हातानं पाऊण. आणि तुझं बोलणं त्या वर्षी असं होतं की माझ्या अंगावर काटा यायचा. फसवण्याच्या दिवशी तू सांगितलंस, एका राजानं हुकूम काढला की राज्यातल्या सगळ्या कुत्र्यांनी एकाच वेळी भुंकावं, म्हणजे रयतेला शांत झोप लागेल. लोक आधी हसले, मग मागे वळून बघायला लागले. त्या आठवड्यात नवा इन्स्पेक्टर रोज यायचा. देवळात सगळ्यांसारखा उघड्या अंगानं, मुंडू नेसून, पहिल्या रांगेत. गणवेश नसला तर काय झालं, मांडी घालून बसायची ढबसुद्धा खुर्चीतली होती.

राजसेवेच्या दिवशी सकाळी मी पहिल्या बसनं पोलीस ठाण्यात गेले. हे तुला आज पहिल्यांदा सांगते. इन्स्पेक्टरनं मला बसायला सांगितलं. चहा मागवला. मला म्हणाला, “अम्मा, मी कलेच्या विरुद्ध नाही. माझी आई कूत्तू बघायची. पण आज तो चाक्यार आमच्याबद्दल बोलणार असं कानावर आलंय.” मी म्हटलं, “साहेब, ते राजाबद्दल बोलतात, जुन्या कथेतल्या.” तो म्हणाला, “ते मलाही कळतं आणि तुम्हालाही कळतं. तो शिस्तीत बोलला तर शुक्रवारी तुमचा भाऊ घरी. नाहीतर माझ्या हातात काही नाही.” मागच्या खोलीतून कुणीतरी खोकलं. मला वाटलं वासूच. कदाचित नसेलही. मी तो चहा प्यायले, कुट्टेट्टा. त्याच्या टेबलावर, त्याच्यासमोर, पूर्ण प्यायले.

परतीची बस उशिरा आली हे खोटं नाही. मी पोचले तेव्हा तू आरशासमोर होतास, तोंडाला तांदळाचं पीठ लावून झालेलं, एका कानात विड्याचं पान, दुसऱ्यात फूल. कपाळाला तांबडी पट्टी एकदा बांधली की चाक्याराशी कुणी बोलत नाही, घरात मयत झालं तरी सांगत नाहीत. पाच वर्षं मी मनाशी घोकत आले की मी आले तेव्हा पट्टी बांधून झाली होती. नव्हती झाली. पट्टी तुझ्या हातात होती. मी दारात उभी होते, तू आरशातून मला बघितलंस, मान हलवलीस. मी बोलू शकले असते. बोलले नाही, कारण तू काय म्हणाला असतास ते मला माहीत होतं. तू म्हणाला असतास, आधी वासूला विचार. आणि वासू काय म्हणाला असता तेही मला माहीत होतं.

मग तू राजसेवा सांगायला लागलास. सेवा कशी करावी. राजा म्हणाला पाऊस थांबला, तर छत्री मिटून चिंब होत उभं राहावं आणि ‘ऊन फार’ म्हणावं. राजाला ठेच लागली तर दगडाला अटक करावी. लोक हसून हसून लोळत होते, इन्स्पेक्टरही दात दाखवत होता. आणि मग तू आवाज खाली आणलास, त्या आवाजाची मला भीती वाटते, आणि म्हणालास, “आमच्या राजाचा कोतवाल फार हुशार. त्याला पाढे येतात, पण फक्त एका बाजूनं. आत किती गेले ते तो बरोबर मोजतो. सात. बाहेर किती आले विचारलं की म्हणतो, थांबा, बोटं सापडत नाहीत...” आणि तू हात पुढं केलास, पहिल्या रांगेकडे, बोटं मोजायला. कुणी हसलं नाही. मी टाळ दाबून धरला आणि म्हणाले, “कुट्टेट्टा, पुढं नको.”

हळूच म्हणाले. रावुण्णीला ऐकू आलं नाही, लोकांना आलं नाही, इन्स्पेक्टरला आलं नाही. फक्त तुला. तू माझ्याकडे वळून बघितलंस. ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही, कारण त्यात राग नव्हता. तू पागोटं सोडलंस, दिव्याशी ठेवलंस आणि बाहेर पडलास. तोंड उघडणारा राजा असो की रंगमंचावर टाळ धरणारी नंग्यार, नियम तोच. दुसरा कुणी असता तर न ऐकल्यासारखं करून पुढं गेला असता. तू गेला नाहीस. आणि लोकांना काय दिसलं? पोलिसाकडे हात केला, पोलिसानं डोळे वर केले आणि चाक्याराची पाचावर धारण बसली. औसेप्पच्या चहाच्या दुकानात दुसऱ्या दिवशीपासून सुरू झालं. “चाक्यार येतोय रे, पोलिसाला आत बसवा, म्हणजे आज लवकर सुटी!” पोरं डोक्याला पंचा बांधायची आणि शिट्टी वाजली की काढून पळायची. तू महिनाभर ऐकलंस आणि बहिणीच्या गावी गेलास. एकदाही माझं नाव घेतलं नाहीस. घेतलं असतंस तर त्याच दिवशी माझ्या हातातला टाळ गेला असता, आणि तुरुंगातून आलेल्या वासूनं काय खाल्लं असतं, कुठल्या घरात? हे सगळं तुला ठाऊक होतं. मीही गप्प बसले. मूग गिळून, पाच वर्षं. लोक तुला भित्रा म्हणायचे आणि मी खांबाला टेकून बसायची.

वासू शुक्रवारी आला. बोलल्याप्रमाणे. दोन माणसांनी धरून आणला. बोटं सरळ होत नव्हती, अजून होत नाहीत, कंजीचा चमचा मी धरते. मिळावाजवळ जाऊन बसतो, कातड्यावर पालथा हात ठेवतो आणि बसून राहतो. पण जिवंत आला. मी स्वतःला सांगत होते, अम्मिणी, तू हे विकत घेतलंस, महाग घेतलंस, पण घेतलंस. त्यावर मी दिवस काढले.

गेल्या कर्किटक महिन्यात देवळात एक म्हातारा आला. त्या ठाण्यातला कारकून, आता निवृत्त. माझे पाय धरायला लागला. मी म्हटलं, लांबूनच बोला. तो म्हणाला, सातही जणांना सोडायचा कागद वरून सोमवारीच आला होता. शुक्रवारची तारीख घालून. मी गेले बुधवारी. इन्स्पेक्टरच्या टेबलावरच्या काचेखाली तो कागद होता, मी चहाची बशी त्याच्यावर ठेवली असेन. तू काहीही बोलला असतास, कोतवालाला बोटांवर नाचवला असतास, तरी वासू शुक्रवारी येणारच होता. उरलेले सहा जण आलेच की, त्यांच्यासाठी कुणी कुणाचं तोंड धरलं नव्हतं. मग मी काय केलं, कुट्टेट्टा? जे मिळणारच होतं त्यासाठी मी सेवा केली. आयुष्यभर राजसेवेच्या ज्या दिवशी टाळ वाजवत हसले, तो दिवस मीच जगून दाखवला. त्या कारकुनाला मी पायसम दिलं आणि मागच्या अंगणात जाऊन ती वाटी तीनदा घासली.

तुझे पाच शब्द वारियरला कळत नाहीत, मला पहिल्या कार्डापासून कळतात. ज्यानं मध्ये तोंड उघडलं त्यानं त्याच दिव्यासमोर, त्याच लोकांसमोर उभं राहून कबूल करावं, मगच चाक्यार पागोटं परत बांधतो, असं दोन्ही घरांत चालत आलंय. तू दर वर्षी मला विचारत होतास आणि मी दर वर्षी तुझ्यावरच चिडत होते. आत्ता, ह्या पत्राच्या सुरवातीलाही चिडलेच.

आता का लिहिते ते सांगते. वासूचं काही खरं नाही. वैद्य म्हणाला, धनू महिना गाठला तरी पुष्कळ. परवा मी त्याला कंजी भरवत होते तर म्हणाला, “चेच्ची, मला एकदा राजसेवा ऐकायची होती. पण त्या भेकडाच्या तोंडून नको.” मी चमचा वाटीत ठेवला. त्यानं ठाण्यात एकाचंही नाव सांगितलं नाही, ह्या एका गोष्टीवर तो जगतोय, आणि त्याच तोंडानं तो तुला भेकड म्हणतो, मी केलेल्यामुळे. मला हे त्याच्याबरोबर जाळायचं नाही. वृश्चिकाच्या पहिल्या दिवशी दिवा लागला की मी उभी राहून सगळ्यांना सांगणार आहे, वासूला पुढं बसवून. माझा टाळ जाणार, जाऊ दे, चुलतबहिणीच्या सरस्वतीला मी सगळं शिकवलंय, हात चांगला आहे तिचा. औसेप्पच्या दुकानात मग माझी नक्कल होईल, तीही होऊ दे. तुझी परवानगी मागत नाही. पण मी बोलून झाल्यावर तो रंगमंच रिकामा असेल तर वासूला काय ऐकवू? तू ये. पागोटं बांध, मी थांबवलं तिथून पुढं बोल, माझं नाव घेऊन बोल, ठाण्यातला चहा सांग, बशी सांग, काही सोडू नकोस. मी पहिल्या रांगेत बसेन आणि गप्प ऐकेन. आणि ते पाच शब्द आता चालणार नाहीत. येणार की नाही, तुलामच्या वीस तारखेच्या आत मला, समितीला नाही, मला कळव.

तुझीच,
अम्मिणी